चिन्मयच्या छातीवरचे चार

हसणार असाल तर आत्ताच एकदा हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबायला लागणार नाही. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो सांगायला घेतला की माझा मलाच इतका वैताग येतो की समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरते.

आणि आधीच सांगते, मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही. इथे परदेशात, आमच्या मनुरेवाच्या घरात भांडी घासायचं सिंक खिडकीखाली आहे आणि खिडकी बरोब्बर शेजारच्या डेकसमोर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यासमोर. ते घर काय मी बांधलंय? मग कानावर काही पडलं तर मी काय करू, कानात बोळे घालून भांडी घासू?

शेजारी चिन्मय राहतो. नाशिकचा मुलगा. शिकायला म्हणून आला, इथेच चिकटला, आता माउंट वेलिंग्टनला एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. गुणी हो, पण राहणी विचारू नका. बारा महिने हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. मंडळाच्या गणपतीला छान झब्बा घालून आला, म्हटलं चला, सुधारला. खाली बघते तर जँडल्स. हे एवढ्यासाठी सांगते की हा मुलगा कपड्यांबद्दल बोलत असेल हे माझ्या स्वप्नातसुद्धा येणं शक्य नव्हतं. पुढे मला बोल लावाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा.

तर या चिन्मयचं हॅमिल्टनच्या केतकीशी जमलेलं. केतकी तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरीला. तिचे आईवडील पुण्याहून तिच्याकडे राहायला आलेले. तिची आई, सुनंदाताई, माझी हळदीकुंकवातली ओळख. रोज दुपारी चारला आमचा फोन ठरलेला. त्यांना मुलगा पसंत पडायच्याच बेतात होता. अडलं होतं वडिलांपाशी. श्रीकांतराव माणूस चांगला पण करडा. म्हणाले, फोटोवर मी होकार देत नसतो, समोर बसवून बोलणार. आणि त्यांचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यातलं.

मग असं ठरलं की शनिवारी केतकीच्या हॉस्पिटलातल्या लोकांचं वार्षिक जेवण आहे, मोठ्या हॉटेलात, सगळे नटूनथटून येतात, घरचेही येतात. तिथे जायच्या आधी चिन्मयने केतकीच्या घरी चहाला यायचं आणि श्रीकांतरावांपुढे बसायचं. म्हणजे बघायचा कार्यक्रमच, पोह्यांसकट, फक्त मुलीच्या जागी मुलाला बघायचं.

त्या आठवड्यात मी भांडी घासत होते आणि हा डेकवर कुणा मित्राशी फोनवर बोलत होता. मला जे ऐकू आलं ते असं: "कमरबंड घातल्याशिवाय नाहीच जाता येणार रे. साधा पट्टा नाही चालत." मग थोडा वेळ हं हं. मग: "मनगटातले मी माझे घालीन. पण छातीवरचे चार स्टेंट एकट्याला नाही जमत, कुणीतरी घालून द्यावे लागतात."

माझ्या हातातला कुकर सिंकमध्ये पडला.

आता तुम्ही म्हणाल, स्टेंट म्हणजे काय हे या दहावी झालेल्या बाईला काय ठाऊक? अहो, माझ्या मोठ्या दिरांना टाकलेत ना! हृदयाची नळी तुंबली की आत बारीक जाळीची नळी बसवतात आणि ती मनगटातून घालतात, हे मला जाऊबाईंनी तासभर फोनवर समजावलेलं. त्यामुळे मनगट म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. फक्त एकच खटकलं. छातीतले म्हणायच्या जागी छातीवरचे म्हणतो. म्हटलं, बघा, इथे राहून मुलं मराठी कशी विसरतात. आणि कंबरेचा पट्टा असा साधा शब्द असताना कमरबंड काय कमरबंड! आमच्या ह्यांना बस चालवून चालवून कंबरेचा त्रास आहे, ह्यांचा पट्टा रोज मी आवळते. मला शिकवतोय.

म्हणजे कंबर गेलेली आणि हृदयात चार. वय किती? अजून तिशी यायची आहे.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू त्याला नीट विचार आधी." ह्यांचं म्हणणं मी नेहमी ऐकते. दुसऱ्या दिवशी चिन्मय कुंपणापाशी फिजोआ गोळा करायला आला. झाड आमचं, पण निम्मी फळं त्याच्या बाजूला पडतात. मी मुद्दाम दुखण्याचं नाव घेतलं नाही. लग्नाच्या मुलाला असं तोंडावर कसं विचारायचं? आडून आडून सुरुवात केली.

"चिन्मय, काल तू फोनवर म्हणत होतास ते माझ्या कानावर पडलं हो. किती आहेत? चार?"

"हो काकू," तो हसत म्हणाला. "चार. छातीवर मधोमध, एका ओळीत."

"एका ओळीत? आणि दुखत नाही?"

"दुखायचंय काय त्यात? बसवताना वैताग येतो फक्त. एकदा बसले की झकास, एकदम स्वीट अ‍ॅज."

मी कुंपण धरलं. विचारलं, केतकीला माहीत आहे का? तर म्हणे, तिनेच सांगितलं घालायला, तिच्याकडचे मोठमोठे डॉक्टरसुद्धा घालतात. मी म्हटलं, काय सांगतोस, डॉक्टरच? असल्या लोकांच्या हातात पेशंट द्यायचे?

"अहो काकू, त्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि मी काही विकत नाही घेतले. भाड्याने आणलेत. रविवारी परत द्यायचे."

इथे, इथे मला शंका यायला हवी होती. मान्य. पण मागच्या हिवाळ्यात आमचे हे डेकवरून घसरले आणि पाय मोडून घेतला तेव्हा हॉस्पिटलाने कुबड्या दिल्या होत्या, आणि पाय बरा झाल्यावर मी स्वतः त्या पुसून परत नेऊन दिल्या होत्या. अंघोळीचं स्टूलसुद्धा परत दिलं. मला वाटलं, असेल बाबा, या देशात काहीही परत घेतात. फक्त रविवारी ते छातीतून काढणार कसे, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

आता माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? सुनंदाताईंना सांगितलं तर सोन्यासारख्या मुलाचं लग्न मोडायचं. नाही सांगितलं तर उद्या त्या पोरीने काही झाल्यावर मला विचारलं असतं, काकू, तुम्ही तर खिडकीतच होतात!

मी ठरवून, अगदी ठरवून फोन केला की आपण काही बोलायचं नाही. हवापाणी झालं, फिजोआच्या चटणीची कृती झाली. शेवटी फोन ठेवता ठेवता एवढंच म्हटलं की शनिवारी त्याला फार नाचायला लावू नका हो. सुनंदाताई म्हणाल्या, का? मी म्हटलं, काही नाही, सहज. आता मला सांगा, या पृथ्वीवर कुठली आई "काही नाही, सहज" वर फोन ठेवील? पाच मिनिटांत त्यांनी माझ्याकडून कंबर काढून घेतली आणि पुढच्या पाचात चारही स्टेंट.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ह्यांनाही दोन आहेत हो. त्या वेळी आयसीयूच्या बाहेर मी आणि केतकीने जे काढलंय ते आम्हालाच ठाऊक. ह्यांच्या कानावर घालावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी चार वाजले, फोन नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी मेसेज टाकला, निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्या मुलाचा संसार सुरू व्हायच्या आधीच उचलून दाराबाहेर ठेवलाय. आणि तो बिचारा डेकवर शीळ घालत बूट पॉलिश करतोय. त्या मुलाच्या घरात पॉलिश असेल असं मला वाटलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की आपण बरोबर जायचं आणि श्रीकांतरावांना समजावून सांगायचं की मुलगा पथ्य पाळतो. चिन्मयला म्हटलं, तू गाडी चालवायची नाही, काका नेतील. तो म्हणाला, काकू उगाच कशाला त्रास? हे म्हणाले, "मला शनिवारी सुट्टी होती." हे "होती" त्यांनी कसं म्हटलं ते मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही.

शनिवारी दुपारी चिन्मयने सूटचं प्लॅस्टिकमधलं बोचकं आणि एक छोटी बॅग डेकवर आणून ठेवली आणि अंघोळीला गेला. मी सामान गाडीत ठेवायला म्हणून गेले. बॅगेची चेन अर्धी उघडीच होती, हे लक्षात घ्या. आत वरच तो कमरबंड. मी उचलून पाहिला तर माझा संताप झाला. साटिनचा! चुण्याचुण्या घातलेला, पुढून वीतभर आणि मागे नुसतं इलॅस्टिक, बाळाच्या झबल्याला लावतात तसं. असल्या चिंधीने कंबर सावरणार? कुठल्या डॉक्टराने दिला याला हा? मी सरळ तो काढला, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि त्या जागी ह्यांचा पट्टा घातला. चांगला रुंद, काळा, आत पट्ट्या असलेला, कर्रकन चिकटणारा. ह्यांना सांगितलं नाही. एक दिवस नसला तर काय होतं?

हॅमिल्टनपर्यंत मी त्याला मागच्या सीटवर आडवं व्हायला सांगत होते आणि तो सूट चुरगळेल म्हणत होता. वाटेत बॉम्बे नावाचं एक गाव लागतं, हो, इथेही आहे, त्याचा चढ आला तसं मी विचारलं, धडधडतंय का रे?

"धडधडणारच की काकू. आज केतकीच्या बाबांना भेटायचंय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आरशात बघत होते आणि एका हाताने स्वतःची कंबर चाचपत होते.

केतकीच्या घरी सुनंदाताईंनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, चिन्मयकडे पाहिलं, आणि त्याला पटकन खुर्ची दिली, जशी म्हाताऱ्या माणसाला देतात. पोहे होते पण कुणी वाढायला उठेना. श्रीकांतराव बंद गळ्याचा कोट घालून कोपऱ्यात बसले होते, हाताची घडी घालून. केतकीला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती आपली कपडे बदलून घे, उशीर होईल म्हणून चिन्मयला घाई करत होती. तो बॅग घेऊन आत गेला.

तो आत गेला तसे श्रीकांतराव माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मुलगा चांगला दिसतो. पण माझ्या बायकोने जे सोसलं ते माझ्या मुलीने सोसू नये एवढंच वाटतं मला."

मी तोंड उघडलं. पथ्य, भाकरी, जवसाची चटणी, सगळं पाठ करून आले होते. एक शब्द फुटेना. म्हणजे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल.

एवढ्यात चिन्मय बाहेर आला. पांढराशुभ्र शर्ट, काळी पँट, गळ्यात न बांधलेला बो लोंबतोय, कोट हातावर. केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे, कारण मला वाटलं आता घाम येईल.

श्रीकांतराव उठून त्याच्यासमोर उभे राहिले. त्याच्या छातीकडे पाहिलं.

"सरळच विचारतो. किती आहेत?"

चिन्मयने मान खाली घालून शर्टाकडे पाहिलं. "चार, काका."

"हं. मला दोन आहेत."

चिन्मयने त्यांच्या कोटाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर खरीखुरी काळजी दिसली. "फक्त दोन? मग मधे फट नाही पडत?"

"फट?"

"माझ्याकडे एक जादा आहे काका, देऊ का?" आणि त्याने खिशातून एवढीशी डबी काढली, उघडली आणि त्यांच्या तळहातावर एक काळा चकचकीत मणी ठेवला.

श्रीकांतरावांनी चष्मा लावला. मणी उलटा केला, सुलटा केला. "हे काय आहे?"

"स्टड. या शर्टाला बटणंच नसतात काका. दोन्ही बाजूंना काजं. मग हे असे आरपार घालायचे. आत्ता आरशात बघून कसेबसे बसवले." त्याने शर्टावरचे चार दाखवले. मधोमध. एका ओळीत. मग मनगट पुढे केलं, "आणि हे कफलिंक्स, इथून घालतात."

मी त्या चार काळ्या मण्यांकडे बघत होते आणि मला वाटत होतं, जमिनीने जरा बाजूला व्हावं आणि मला आत घ्यावं. पण केतकीच्या घरात खाली गॅरेज होतं.

श्रीकांतराव अजून उभेच. माणूस पक्का. खात्री केल्याशिवाय सोडणारा नाही. "आणि हृदयात?" त्यांनी विचारलं. "हृदयात किती?"

चिन्मय कानापर्यंत लाल झाला. एकदा केतकीकडे पाहिलं, एकदा सुनंदाताईंकडे. "हृदयात..." तो म्हणाला, "हृदयात एकच आहे काका. केतकी."

आधी सुनंदाताईंना हुंदका आला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, पदर तोंडात कोंबून. मग श्रीकांतराव खुर्चीत बसले आणि पोटावर हात ठेवून इतके हसले, इतके, की त्यांच्याच दोन्ही स्टेंटची मला काळजी वाटायला लागली. केतकी सारखी विचारतेय, व्हॉट हॅपन्ड, काय झालं, आणि कुणालाच सांगता येत नाहीये. शेवटी श्रीकांतरावांनी डोळे पुसले, तो मणी चिन्मयच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा ठेव. लग्नात लागेल."

झालं! म्हणजे होकार. मी सुटकेचा श्वास सोडला. निम्माच सोडला होता, एवढ्यात चिन्मय म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण माझा कमरबंड कुठे गेला? बॅगेत हे निघालं." आणि त्याने ह्यांचा पट्टा वर धरला. कर्रकन आवाज आला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे तर असे बघत होते की हरवलेला भाऊ जत्रेत दिसावा.

काय करणार? जेवणाची वेळ होत आलेली. कमरबंड म्हणजे पँटचा वरचा भाग झाकायला घालायचा शोभेचा पट्टा, हे मला त्या दिवशी केतकीने समजावलं, हसू आवरत आवरत. पट्टा काळा होताच. केतकीने वरून आपली काळी सिल्कची ओढणी चुण्या घालून टाचली आणि चिन्मय तसाच गेला. त्या पट्ट्यात वाकता येत नाही हो माणसाला. रात्रभर असा ताठ उभा राहिला म्हणे की श्रीकांतरावांनी सुनंदाताईंना हळूच सांगितलं, मुलाचा रुबाब बघ.

चिन्मयचा रुबाब झाला. इकडे आम्ही दोघं मनुरेवाला पोचलो तेव्हा आमच्या ह्यांना ड्रायव्हरच्या सीटमधून उतरता येईना. मी ओढलं, तरी नाही. शेवटी घरातून जे हाताला लागलं ते आणून बांधलं. रविवारी केतकीने आणून सोडल्यावर चिन्मय भाड्याचे कपडे परत द्यायला निघाला आणि कमरबंड मागायला आमच्याकडे आला, तेव्हा तो ह्यांच्या कमरेला होता. बनियनवर. साटिनचा. हे त्यात सोफ्यावर सरळ पडून होते. एवढंच म्हणाले, "चिन्मय, याने काही आधार मिळत नाही रे." तेच तर मी आधी म्हणत होते! पण त्या घडीला मला श्रेय कोण देणार?

परवा लग्नाची पत्रिका आली. हॅमिल्टनलाच लग्न, सकाळी आपल्या पद्धतीने, संध्याकाळी सगळ्यांचं मोठं जेवण. खाली इंग्रजीत काहीतरी कपड्यांबद्दल छापलेलं, आणि त्याखाली चिन्मयने पेनाने मराठीत लिहिलंय: "काकू, ब्लॅक टाय म्हणजे फक्त कपडे. आम्हा सर्वांची तब्येत ठणठणीत आहे. कृपया कुणालाही फोन करू नये."

वाचलं मी. इतकी का मी अडाणी आहे? पण मला एक सांगा, लग्नासारख्या शुभकार्यात कुणी काळं घालतं का? काळा टाय! कुणाच्या घरात काही बरंवाईट तर झालं नसेल ना? सुनंदाताईंना नुसतं विचारायला काय हरकत आहे, काही नाही, सहज. पण पत्रिका आली त्या दिवसापासून माझा फोन सापडत नाहीये, आणि हे कंबरेला पट्टा आवळून सोफ्यावर असे बसलेत की उठायचं नाव घेत नाहीत. त्यांच्या बुडाखालून मघापासून दोनदा वाजला.